हवा उचलते, हेलियम जागा अडवतो

जत्रेत फुगेवाल्याकडे दोन प्रकारचे फुगे असतात. एक काडीवरचा, दुसरा दोऱ्यावरचा. रबर तेच, रंग तेच, आकारही जवळपास सारखा. काडीवरच्या फुग्यात पंपाने हवा भरलेली असते. काडी निसटली की तो जमिनीवर लोळतो. दोऱ्यावरच्या फुग्यात ‘गॅस’ असतो; दोरा सुटला की तो देवळाच्या कळसावरून निघून जातो आणि मूल रडू लागते. त्याची समजूत घालताना आपण सांगतो, ‘गॅस हलका असतो ना, म्हणून वर गेला.’ उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. पीसही हलके असते. ते सावकाश का होईना, खालीच येते. फुग्यातल्या वायूलाही वजन असते आणि पृथ्वी त्यालाही खालीच ओढत असते. मग त्याला वर ढकलतो कोण?

याच्याच जोडीचे आणखी एक कोडे आहे. हायड्रोजन हा हेलियमच्या निम्म्या वजनाचा वायू. मग हायड्रोजनच्या फुग्याने हेलियमच्या फुग्यापेक्षा दुप्पट वजन उचलायला हवे. प्रत्यक्षात तो जेमतेम आठ टक्के जास्त उचलतो. असे का?

उचलतो कोण?

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना पाठीला बांधलेला पत्र्याचा डबा आठवत असेल. तेलाचा रिकामा, पंधरा लिटरचा, तोंड डाग देऊन बंद केलेला डबा. तो पोराला बुडू देत नाही. डब्याच्या अंगी वर जाण्याची स्वतःची अशी काही शक्ती नसते. काठावर ठेवला तर तो जागचा हलत नाही. पाण्यात मात्र त्याने पंधरा लिटर पाण्याची जागा अडवलेली असते. पाण्यात जितके खोल जावे तितका दाब वाढतो. त्यामुळे डब्याच्या तळावर खालून येणारा रेटा माथ्यावरून येणाऱ्या रेट्यापेक्षा जास्त भरतो. हा फरक नेमका बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढा, म्हणजे पंधरा किलो असतो. डब्याचे स्वतःचे वजन किलोभर धरले तरी चौदा किलोचा आधार उरतो. आर्किमिडीजचे तत्त्व ते हेच.

आपण हवेच्या तळाशी राहतो, आणि हवेलाही वजन असते. समुद्रसपाटीला ३० अंश सेल्सिअस तापमानात एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १,१६५ ग्रॅम भरते. दहा बाय दहाच्या साध्या खोलीत तीसेक किलो हवा असते. हवेतही खालचा दाब वरच्यापेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून हवेत असलेल्या प्रत्येक वस्तूला वर रेटा मिळतो. तुम्हाआम्हालाही मिळतो, पण आपल्या वजनापुढे तो कळून येत नाही. फुगा जितकी हवा बाजूला सारतो तिच्या वजनातून आतल्या वायूचे वजन आणि रबराचे वजन वजा करा. जे उरेल ती फुग्याची उचल. ती शून्याच्या वर गेली तर फुगा वर जातो, नाहीतर खाली येतो. काडीवरच्या फुग्यात बाहेरच्यासारखीच हवा असते, तीही थोडी दाबून भरलेली. वरून रबराचे ओझे. म्हणून तो लोळतो.

हेलियम स्वतः काहीच उचलत नाही. तो फार थोड्या वजनात हवेची जागा अडवून धरतो, आणि उचलण्याचे काम भोवतालची हवा करते. दुसऱ्या कोड्याचे उत्तरही यातच आहे. पोहण्याच्या त्या डब्यात शंभर ग्रॅम भुस्सा कोंबला काय किंवा दोनशे ग्रॅम कोंबला काय, चौदा किलोच्या आधारात फारसा फरक पडणार नाही. पंधरा किलोंचा आकडा पाण्याकडून येतो, भुश्शाकडून येत नाही.

चौकट : एका घनमीटरचा हिशेब

(समुद्रसपाटीला, ३० अंश सेल्सिअसला, आकडे ग्रॅममध्ये. बाजूला सारलेली हवा १,१६५ ग्रॅम.)

हायड्रोजन : स्वतःचे वजन ८१, उचल सुमारे १,०८४
हेलियम : स्वतःचे वजन १६१, उचल सुमारे १,००४
मिथेन : स्वतःचे वजन ६४५, उचल सुमारे ५२०
१०० अंशांची गरम हवा : स्वतःचे वजन ९४६, उचल सुमारे २१९
काहीच नाही (पूर्ण पोकळी) : उचल १,१६५, पण बाहेरच्या हवेचा दाब सोसणारे तितके हलके भांडे अजून कोणी बनवू शकलेले नाही

या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. हेलियमच्या जागी निसर्गातला सर्वांत हलका वायू आणला तरी घनमीटरमागे फक्त ८० ग्रॅमचा लाभ होतो. पाईपने घरी येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. त्याचा फुगा वर जाईल, पण निम्म्या ताकदीने. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस मात्र हवेपेक्षा जड असतो. त्याचा फुगा जमिनीला चिकटेल, आणि गळती झाली की हा गॅस जमिनीलगत साचतो तो याच कारणाने.

गरम हवेची उचल हेलियमच्या पावपट असते. तरीही २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून सुमारे २१ किलोमीटर उंचीवर गेले आणि नाशिक जिल्ह्यात उतरले. उचल कमी असेल तर फुगा अवाढव्य करावा लागतो.

लहान फुगा का हरतो

वाढदिवसाचा साधारण २८ सेंटिमीटर व्यासाचा फुगा घ्या. त्यात साडेअकरा लिटर वायू मावतो. हेलियमची उचल लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. त्यातून रबराचे तीनेक ग्रॅम गेले की आठेक ग्रॅम हाती उरतात. साठ किलोच्या माणसाला उचलायला असे साडेसात हजार फुगे लागतील, दोऱ्यांचे वजन वेगळे. हाच फुगा दहा सेंटिमीटरपर्यंतच फुगवला तर त्यात अर्धा लिटरच वायू मावतो. उचल अर्धा ग्रॅम, रबर मात्र तेच तीन ग्रॅम. हेलियम असूनही तो जमिनीवर पडून राहील.

उलट साठ किलोंसाठी एकच मोठा गोल केला तर साठ घनमीटरचा, म्हणजे पाच मीटरहून थोडा कमी व्यासाचा फुगा पुरतो. कापडाचे आणि दोरांचे वजन धरून थोडा मोठा करायचा, इतकेच. व्यास दुप्पट केला की पृष्ठभाग चौपट होतो, पण आत मावणारा वायू आठपट होतो. ओझे पृष्ठभागाबरोबर वाढते, उचल आतल्या जागेबरोबर. हवेत उडवायच्या गोष्टी राक्षसी आकाराच्या असतात त्या यामुळे.

वर गेल्यावर आणखी एक गोष्ट घडते. बाहेरची हवा विरळ होत जाते, दाब उतरतो आणि फुगा फुगत जातो. लवचीक फुग्याची उचल त्यामुळे फारशी बदलत नाही: हवा जितकी विरळ होते त्याच प्रमाणात फुग्याची जागा वाढते. रबर ताणायचे थांबते तिथे खेळ संपतो. हवामानखात्याचा फुगा तीसेक किलोमीटरवर असा फुटतो आणि त्याची उपकरणे छत्रीने खाली येतात. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या रॉसवेलहून फेलिक्स बाउमगार्टनर ज्या हेलियमच्या फुग्याने सुमारे ३९ किलोमीटर उंचीवर गेला आणि तिथून त्याने उडी मारली, त्या फुग्याची पूर्ण जागा सुमारे साडेआठ लाख घनमीटर होती. जमिनीवर मात्र त्यात पाचेक हजार घनमीटरच हेलियम भरला होता. फुगा सोडताना तो माथ्याशी थोडासा फुगलेला आणि खाली लांबलचक लोंबणारा दिसत होता. तोच वायू वर जाऊन पावणेदोनशे पट पसरला.

जळणारा आणि न जळणारा

हायड्रोजन जास्त उचलतो, पाण्यापासून हवा तेवढा बनवता येतो आणि स्वस्तही आहे. त्याचा दोष एकच, पण तो मोठा आहे: तो पेटतो, आणि हवेत मिसळला तर स्फोट होतो. हेलियमच्या अणूत दोनच इलेक्ट्रॉन असतात आणि त्या दोघांनी जागा पूर्ण भरलेली असते. कोणाला इलेक्ट्रॉन द्यायचा नाही, कोणाकडून घ्यायचा नाही, कोणाशी वाटून घ्यायचा नाही. जळणे म्हणजे ऑक्सिजनशी जोडले जाणे. हेलियम जोडलाच जात नाही.

६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला उतरताना ‘हिंडेनबर्ग’ ही जर्मन वायुनौका पेटली. २४५ मीटर लांबीची आणि दोन लाख घनमीटर हायड्रोजन भरलेली ही नौका काही सेकंदांत जळाली; ३६ माणसे गेली. तिचा मूळ आराखडा हेलियमसाठी होता. पण हेलियम तेव्हा व्यवहारात एकट्या अमेरिकेकडे होता आणि त्याच्या निर्यातीवर कायद्याचे निर्बंध होते. अपघातानंतर ते थोडे सैल झाले, तरी १९३८मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत करणाऱ्या हिटलरच्या जर्मनीला हेलियम द्यायला अमेरिकेचे अंतर्गत मंत्री हॅरल्ड इक्स यांनी नकार दिला.

इथे आठ टक्क्यांना वेगळा अर्थ येतो. दोन लाख घनमीटरवर घनमीटरमागे ८० ग्रॅम म्हणजे सोळा टन. नौकेचा सांगाडा, इंजिने आणि इंधन यांतच बहुतेक उचल खर्ची पडते. उरलेल्या थोड्या शिलकीत हे सोळा टन म्हणजे प्रवासी आणि सामान. हायड्रोजनचा मोह व्यापाऱ्याला का पडे, ते यातून दिसते.

हेलियम आगीपासून वाचवतो, वादळापासून नाही. अमेरिकी नौदलाची ‘शेनांडोआ’ ही हेलियमवर चालणारी पहिली सांगाड्याची वायुनौका. ती भरायला त्या वेळी जगात वेगळा काढलेला बहुतेक हेलियम लागला होता. सप्टेंबर १९२५मध्ये ओहायोवर वादळात ती मोडली आणि १४ जण मेले. आग लागली नाही म्हणूनच बाकीचे २९ जण वाचले.

आपल्या जत्रेतला ‘गॅसचा’ फुगा बहुधा हायड्रोजनचा असतो. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे यांपासून तो जुनाट सिलिंडरात तयार केला जातो. या क्रियेत उष्णता आणि दाब झपाट्याने वाढतो, आणि गंजलेले सिलिंडर फुटून फुगेवाले आणि भोवतीची मुले दगावल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. हा धोका हेलियमच्या टंचाईचा आणि किमतीचा थेट परिणाम आहे. तो गरिबाच्या धंद्यावर सोडून दिला जातो याचे मला फार वाईट वाटते. निदान मेणबत्ती, उदबत्ती आणि फटाक्यांजवळ असा फुगा नेऊ नये.

न पेटणारी विहीर

पृथ्वीवर हेलियम मुबलक आहे हे माणसाला कळले ते एका फसलेल्या समारंभातून. १९०३ साली अमेरिकेच्या कान्सास राज्यातल्या डेक्स्टर गावी वायूची विहीर लागली. मोठा आवाज करत वायूचा झोत उसळत होता. गावाला आपले भाग्य उघडल्यासारखे वाटले. सोहळा ठरला, लोक जमले आणि झोत पेटवण्यासाठी गवताची जळती गासडी पुढे ढकलली गेली. झोत पेटला नाही. उलट गासडीच विझली. गाव हिरमुसले, पण राज्याचे भूवैज्ञानिक इरॅस्मस हॉवर्थ यांनी त्या वायूचा नमुना कान्सास विद्यापीठात नेला. हॅमिल्टन केडी आणि डेव्हिड मॅकफार्लंड या रसायनशास्त्रज्ञांना त्यात मुख्यतः नायट्रोजन सापडला, आणि १९०५मध्ये त्यांच्या लक्षात आले की त्यात १.८४ टक्के हेलियम आहे. तोवर हेलियम म्हणजे प्रयोगशाळेतली दुर्मीळ चीज होती.

त्याची पहिली ओळख तर सूर्यावर झाली होती. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात भारतातून सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास झाला. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला होते, जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. त्यानंतर दोनच महिन्यांनी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहणाशिवाय तोच अभ्यास केला आणि पिवळ्या भागातली एक रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नाही असे दाखवून दिले. सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावर दर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो आणि लॉकियर यांनी हेलियम इथूनच शोधला असे सांगत किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. लॉकियर विजयदुर्गाला आले होते हे खरेच आहे, पण ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. १८६८ साली ते इंग्लंडातच होते, आणि १८९५मध्ये विल्यम रॅमसे यांनी युरेनियमच्या खनिजातून हेलियम वेगळाही केला होता. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. ज्याने हेलियमची रेषा ओळखली त्याने इथून सूर्य पाहिला, ही गोष्ट पुरेशी मोठी आहे.

रॅमसे यांना हेलियम युरेनियमच्या खनिजात सापडला याला कारण आहे. युरेनियम आणि थोरियम यांचे अणू अस्थिर असतात. ते फुटताना आतून एक जड कण बाहेर फेकतात, त्याला अल्फा कण म्हणतात. त्याला वाटेत दोन इलेक्ट्रॉन मिळाले की तो हेलियमचा अणू होतो. युरेनियमचा एक अणू शिसे होईपर्यंत असे आठ अणू देतो. पण वेग अतिशय मंद. साठ्यातले निम्मे युरेनियम फुटायला साडेचार अब्ज वर्षे लागतात. ग्रॅनाइटसारख्या खडकात हा हेलियम कणाकणाने साचतो, भेगांतून वर सरकतो, आणि वर मिठासारखा घट्ट थर असेल तर त्याखाली नैसर्गिक वायूबरोबर अडकून राहतो. थर नसेल तर निघून जातो.

कोठारे थोडी, वाटा अरुंद

हेलियम कारखान्यात बनवता येत नाही. हवेत तो दहा लाख भागांत पाचच भाग असतो. एक घनमीटर हेलियमसाठी सुमारे दोन लाख घनमीटर हवा गाळावी लागेल. म्हणून तो नैसर्गिक वायूच्या मागे मागे येतो. नैसर्गिक वायू थंड करत नेला की उणे १६१ अंशांच्या आसपास त्यातला मिथेन द्रव होतो. हेलियम उणे २६९ अंशांपर्यंत वायूच राहतो. मिथेन खाली बसला की वर उरलेल्या वायूत हेलियम दाट होत जातो. कतारच्या साठ्यात त्याचे प्रमाण टक्क्याच्या काही शतांशांइतकेच आहे. पण तिथे निर्यातीसाठी मिथेन प्रचंड प्रमाणात द्रवरूप केला जातोच, त्यामुळे उरलेला हेलियम काढणे परवडते. जून २०१७मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा हेलियमचे कारखाने थांबले आणि जगभरच्या प्रयोगशाळा चिंतेत पडल्या. अमेरिका आणि कतार हे दोन मोठे पुरवठादार. अल्जीरिया आणि रशिया त्यांच्यामागून. एक कारखाना बंद पडला की भाव चढतात.

अमेरिकेने वायुनौकांच्या काळात टेक्ससमधल्या ॲमरिलोजवळ जमिनीखाली सरकारी साठा सुरू केला. १९९६च्या कायद्याने तो विकायचे ठरले, आणि वर्षानुवर्षे तिथला हेलियम स्वस्तात बाहेर पडत राहिला. स्वस्ताईच्या त्या काळात हेलियम जपून वापरण्याची आणि पुन्हा पकडण्याची यंत्रणा उभारायला कोणाला कारण उरले नाही. माझ्या मते हे धोरण फार महागात पडले.

भारत जवळजवळ सगळा हेलियम आयात करतो. पश्चिम बंगालमधल्या बक्रेश्वरच्या उष्ण झऱ्यांतून येणाऱ्या बुडबुड्यांत एक-दीड टक्का हेलियम आहे, आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्या प्रोत्साहनाने तिथे संशोधनही झाले. प्रमाण चांगले, पण एकूण वायूच थोडा. देशाची गरज त्यावर भागत नाही.

सुटलेला फुगा कुठे जातो

हेलियमचा अणू इतका बारीक की रबराच्या जाळीतून तो झिरपतो. म्हणून संध्याकाळी छताला टेकलेला फुगा सकाळी खाली आलेला असतो. चकचकीत फॉइलचा फुगा कितीतरी दिवस टिकतो. झिरपलेला हेलियम हवेत मिसळतो, हळूहळू वरच्या थरांत पोहोचतो, आणि तिथे पृथ्वीच्या ओढीतून सुटून अवकाशात जातो. युरेनियमने कोट्यवधी वर्षांत घडवलेला अणू असा हातचा जातो.

त्याची खरी गरज थंडाव्यासाठी आहे. एमआरआय यंत्रातले चुंबक उणे २६९ अंशांत ठेवले तर त्याच्या तारांतून वीज काहीही न झिजता वाहते, आणि इतकी थंडी द्यायला द्रव हेलियमसारखा दुसरा पदार्थ नाही. जुन्या पद्धतीच्या एका यंत्रात दीड हजार लिटरच्या आसपास द्रव हेलियम असतो. त्याचा वायू करून फुग्यात भरला तर एक टनाहून अधिक वजन उचलले जाईल. अलीकडच्या काही बंदिस्त यंत्रांना सातेक लिटर पुरतो. एखाद्या समारंभात हजार फुगे आकाशात सोडले तर साडेअकरा घनमीटर हेलियम जातो. द्रवरूपात तो पंधराएक लिटर भरेल. म्हणजे अशा दोन नव्या यंत्रांपुरता. फुग्यांसाठी विकला जाणारा हेलियम कमी शुद्ध असतो हे खरे, पण तो शुद्ध करता येतो. अवकाशात गेलेला करता येत नाही. शिवाय त्या हजार फुग्यांचे रबर कोणाच्या तरी शेतात किंवा खाडीत पडतेच. आकाशात फुगे सोडण्याचे समारंभ बंद व्हावेत असे मला ठामपणे वाटते. मंडपाला टांगलेले हवेचे फुगे तितकेच शोभतात.

वजन उचलण्याचे काम हायड्रोजन जवळजवळ तितकेच करतो, हे आपण पाहिले. जिथे फुग्यात माणूस नाही आणि हाताळणारे प्रशिक्षित आहेत, तिथे तोच वापरणे शहाणपणाचे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुगे केंद्रातून दुर्बिणी आणि विश्वकिरणांची उपकरणे घेऊन जाणारे प्रचंड प्लास्टिकचे फुगे हायड्रोजनवरच उडवले जातात, आणि आपल्या हवामान विभागाचे रोजचे फुगेही बहुतेक त्यावरच. तिथे वायू भरताना ठिणगी उडू नये म्हणून कडक शिस्त पाळतात. ती शिस्त आठवडी बाजारातल्या फुगेवाल्याला शक्य नाही, आणि दवाखान्यातल्या चुंबकाला हायड्रोजनचा उपयोग नाही.